नंदिनीच्या खाणीतले रान

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग आणि भिलाई मागे टाकून खारून नदी ओलांडते आणि रायपूर येते. १८५४ साली खालसा होईपर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. भाताच्या खाचरांखाली येथे सर्वत्र चुनखडीचा दगड आहे. शंभर कोटी वर्षांहूनही पूर्वी येथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा दगड साचत गेला.

सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी पेटली. भट्टीला नुसते खनिज आणि कोळसा पुरत नाही. खनिजातील वाळूचा अंश चुनखडीशी संयोग पावून मळीच्या रूपाने वर तरंगतो, तेव्हाच खाली शुद्ध रस मिळतो. ही चुनखडी कारखान्याच्या उत्तरेस असलेल्या नंदिनीच्या खाणींतून आली. दगड काढून संपला तेथे उघडा कातळ आणि पाण्याने भरलेले खड्डे तेवढे उरले.

या ओसाड भागावर २०२१ च्या सुमारास जिल्हा खनिज निधीतून रान उभारण्यात आले. वड, पिंपळ यांसारखी देशी झाडे लावली गेली. खड्ड्यांतील पाण्यावर मुग्धबलाक आणि अडई बदके उतरू लागली. हे देशातील सर्वांत मोठे मानवनिर्मित जंगल असल्याचेही सांगण्यात आले. असेलही, पण रोपे किती लावली यापेक्षा चौथ्या उन्हाळ्यात किती उभी राहिली, हाच खरा हिशेब. माती खरवडून नेलेल्या कातळावर झाड आपण होऊन तग धरीत नाही. खड्डा, आणलेली माती, शेणखत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांचे पाणी, सारे माणसालाच पुरवावे लागते.

तरीही नंदिनीचे काम सोपेच म्हणावे लागेल. तेथे भूमीला जखम झाली होती, विषबाधा नव्हे. रायपूरच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. त्यांतून राख आणि अर्धवट जळालेला कोळसा बाहेर पडतो. काळ्या धुळीविषयी आसपासच्या गावांची तक्रार जुनी आहे. उद्या एखादी भट्टी बंद पडली आणि तिच्या आवारात नुसती रोपे लावली, तर वरून हिरवे दिसेल. पण चुनखडीच्या भेगांतून पाणी झपाट्याने खाली उतरते. राखेत मुरलेला पाऊस त्याच वाटेने विहिरीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तेथे आधी मातीची आणि विहिरींच्या पाण्याची तपासणी व्हावी, साठलेली राख उचलावी किंवा चिकणमातीने घट्ट झाकावी, आणि कुदळ त्यानंतर हाती घ्यावी. हा खर्च भट्टी चालू असतानाच कारखानदाराकडून बाजूला ठेवून घेतलेला बरा. बंद दाराशी तो मागायला जायचे कोणाकडे?