कार्तिकातली ऊब

सोलापूर जिल्हा म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे नुसतं ऊन येतं. आमच्या पुण्याच्या वन्सं तर दिवाळीला येताना मुलांचे स्वेटरसुद्धा आणत नाहीत. पण कार्तिकीचे वारकरी पंढरपुराहून माघारी फिरले, की आमच्या सांगोल्यात पहाटे हुडहुडी भरते. भाग कोरडा, आभाळ निरभ्र. दिवसाची ऊब अडवून धरायला वर ढगच नसतात. मी अर्धवेळ शिक्षिका आहे आणि सातवीच्या वर्गात हे दर वर्षी शिकवते. अनुभवलं मात्र स्लॅबच्या घरात राहायला आल्यावर!

आमचं जुनं घर माळवदाचं. रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात ते गळायचं, उंदीर व्हायचे. त्याचं उगाच कौतुक मी करणार नाही. पण जाड माती सावकाश तापते नि सावकाशच निवते, म्हणून थंडीत आत बरं वाटायचं. पातळ स्लॅब संध्याकाळी कोमट आणि पहाटे गारढोण.

मामंजी गेल्यापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तशा कमीच बोलतात. गेल्या वर्षी ऐन कार्तिकात त्यांनी ह्यांना सांगून टाकलं, "मला जुन्या घरी नेऊन सोड बाबा. भितीला पाठ टेकली तर बरं तरी वाटंल." त्या घराची मागची खोली तर पडलेली! हे गप्प, मीही गप्प. म्हातारं माणूस आपल्याच घरात परकं होऊन बसलंय, हे दोघांनाही दिसत होतं.

मग म्हणाल्या, खाटेखाली शेगडी तरी ठेव. तेवढं मात्र मी साफ नाकारलं. मैत्रिणींनो, दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी घरात कधीही ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातं. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चालेल!

मी त्यांची खाट स्वयंपाकघराशेजारच्या पश्चिमेच्या खोलीत हलवली. त्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं, त्यामुळे रात्री जेवणं होईपर्यंत ती उबदार राहते. ऊन उतरलं की खिडकी लावून घ्यायची. फरशी मात्र गारच! तिच्यावर मी ट्रंकेतलं मामंजींचं घोंगडं अंथरलं. आपल्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचं, सनगरांनी विणलेलं. चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नवं असताना पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. मामंजींनी वापरून वापरून मऊ केलंय. त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ. धाकट्याने आधी "मेंढीचा वास येतो" म्हणून नाक मुरडलं. आता अभ्यासाची वही घेऊन तोच तिथे ठाण मांडून बसतो. त्याच्यामागून मोठी येते, आणि चहाचा कप घेऊन हेही!

पोटातल्या उबेला हुलग्याचं माडगं. हुलगे खमंग भाजून दळून आणायचे. पाण्यात गूळ, चिमूटभर मीठ नि सुंठ घालून उकळी आली, की गार पाण्यात कालवलेलं पीठ हळूहळू सोडायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. माझं माडगं आत्याबाईंना अजून पसंत नाही. "पातळ झालंय" म्हणतात आणि वाटी पुढे करतात.

जुन्या घरी जायचं त्यांनी सोडलेलं नाही. यंदाही दिवाळीत विषय निघाला. परवा शाळेतून आले तर त्या उन्हात बसून सूप भरून हुलगे पाखडत होत्या. म्हटलं, "आत्याबाई, एवढे कशाला?"

"संक्रांतीपर्यंत पुरायला नकोत व्हय?"

मी गुपचूप डबा धुवायला घेतला.