एक सूत

मागच्या चैत्रात सोनारीला ताईकडे गेलो होतो. परंडा तालुक्यातली, काळभैरवनाथाची सोनारी. यात्रेचे दिवस, गावात पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्या सॅकमध्ये भाच्याची रिमोटची गाडी. 'रिमोटची गाडी' म्हटलेलं त्याला चालत नाही. "मामा, बग्गी आहे ती. एकास दहा स्केल."

बग्गी दिवाळीत मीच घेऊन दिलेली. पुढच्या चाकाचा आर्म ढिला झाला तेव्हा "पुण्याला नेतो, टकाटक करून आणतो" असं म्हणून मीच परत आणलेली. त्यानंतर ती चार-पाच महिने माझ्या कपाटावर. आधी रिलीज, मग सपोर्ट, मग पुन्हा रिलीज... तुम्हाला सांगायला नकोच. दर रविवारी फोनवर तो विचारायचा, "झाली का?" आणि मी म्हणायचो, "ऑलमोस्ट!" हा 'ऑलमोस्ट' ऑफिसात चालतो. नऊ वर्षांच्या पोराला तो किती दिवस पुरणार?

शेवटी निघायच्या आदल्या दिवशी रविवार पेठेत बोहरी आळी गाठली आणि स्टेनलेस स्टीलचे चकचकीत एम-३ स्क्रू आणले. गंजणार नाहीत, दिसतातही झकास, आणि प्लस खाचेऐवजी षटकोनी खाच. अजून काय पाहिजे? रात्री बसून पुढचे जुने स्क्रू काढले, नवे ठोकले. जुने पेपरमिंटच्या डबीत टाकले. (आईचे संस्कार, काहीही फेकायचं नाही. या संस्कारानेच पुढे अब्रू वाचवली.)

दुसऱ्या दिवशी घरामागच्या मोकळ्या जागेत बग्गी सोडली. आजूबाजूची दहा-बारा पोरं गोळा झाली. भाच्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माझा मामा इंजिनिअर आहे, त्याने स्वतः केलीय." दहा मिनिटं धूळ उडवत पळाली आणि मग डावं चाक फेंगाडलं. आर्मचे दोन स्क्रू भोकातून सरळ बाहेर आले होते. तुटले नव्हते, वाकलेही नव्हते. नुसते निघून आले.

पोरं पांगली. भाचा काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

मी कट्ट्यावर ताटली घेऊन बसलो आणि बाकीचे स्क्रू काढायला लागलो. तिसऱ्या स्क्रूत ॲलन की गरागरा फिरली. षटकोनाचं झालं वाटोळं! डोकं धरून बसलो, तेवढ्यात सोनारीच्या माकडांपैकी एक आलं, ताटलीत खायला काही नाही हे बघून त्याने ती उलटी केली आणि गेलं. ताटलीतले नवे, डबीतले जुने, सगळे मातीत.

आता एंट्री तात्यांची. तात्या म्हणजे ताईचे सासरे. उभा जन्म विहिरीवरच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं खोलण्यात गेला. त्यांनी आतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि मातीवरून फिरवलं. जुने काळे स्क्रू एकेक करून टक-टक चिकटले. माझे चकचकीत एकही नाही! त्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ ओढत नाही, हे मी बारावीनंतर विसरलो होतो.

मी म्हटलं, "तात्या, दुकानातून नवेच आणतो." दुकानदाराला एम-३ सांगितलं तर तो म्हणाला, "एक सूत ना?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. एम-३ म्हणजे ३. म्हटलं, उन्नीस-बीस. आणले. जोर लावून पिळायला बसलो.

"काय करायलाव पाव्हणं?"

"बसतोय तात्या, थोडा टाईट आहे."

"टाईट न्हाई, भोक फाडायलाव तुमी."

मग त्यांनी चष्मा लावून तीनही स्क्रू शेजारी ठेवले. एक सुताच्या स्क्रूला इंचात ४० आटे, म्हणजे दोन आट्यांत ०.६३५ मिलिमीटर अंतर. माझ्या एम-३ ला ०.५. आणि गाडीचे मूळ स्क्रू त्याहून विरळ, खोल आट्यांचे, खास प्लॅस्टिकसाठी केलेले. त्यांनी भोकात आपली वाट आधीच पाडून ठेवलेली होती. मी पुण्यात त्याच भोकात बारीक आट्यांचा स्क्रू घुसवला, म्हणजे चालू कोडवर दुसऱ्याच भाषेतलं कोड चढवलं. वरून सगळं ठीक, आतून प्लॅस्टिकचा भुगा.

तात्यांनी जुना स्क्रू घेतला, भोकावर ठेवला आणि उलटा फिरवला. मला वाटलं म्हातारा चुकला. थोडं फिरवल्यावर बारीकसा 'टक' आवाज आला. स्क्रू आपल्या जुन्या वाटेत पडला होता. मग सुलटा, हलक्या हाताने. "आधी उलटं फिरवा की. त्याला त्याची वाट घावू द्या." फाटलेल्या दोन भोकांत त्यांनी जुन्यातलेच जरा लांब स्क्रू वापरले, तळाचं प्लॅस्टिक कोरं होतं. वाटोळं झालेल्या स्क्रूच्या डोक्यावर हॅक्सॉच्या पात्याने खाच पाडली आणि साध्या पेचकसाने तो काढला. एकूण वेळ वीस मिनिटं. माझे पाच महिने.

पुण्याला आल्यावर हा विषय नीट वाचून काढला. तुमच्याही घरी अशी गाडी असेल तर थोडक्यात सांगतो.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू सहसा तुटत नाही, भोक तुटतं. तिथे ताकदीपेक्षा मूळ आटे आणि मूळ लांबी सांभाळा. धातूत धातू बसतो तिथे (मोटार, गिअरबॉक्स) १२.९ ग्रेडचे काळे ॲलन बोल्ट घ्या. यातला १२ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटन ताण, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. साधं स्टेनलेस ए२-७० म्हणजे ७००. मऊ असतं, म्हणून खाच लवकर गोल होते. काळा बोल्ट मात्र गंजतो, त्याला तेलाचा हात लागतो.

जागा असेल तर उंच डोक्याचा बोल्ट घ्या. एम-३ मध्ये त्याला २.५ ची की लागते, गोल बुटक्या डोक्याला २ ची. अर्धा मिलिमीटर वाटतो, पण खाच वाचते ती त्यानेच. कीचं टोक झिजलं की तेवढं घासून टाका. जपानी किटमधली प्लस खाच ही आपली नेहमीची फिलिप्स नसते, डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर जपानी मापाचाच पेचकस वापरा. आणि निळं थ्रेडलॉकर फक्त धातूत. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला लागलं तर बारीक तडे जातात.

असो. आमच्या धंद्यात चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणता येतं. आट्यांना ती सोय नाही. एकदा भुगा झाला की झाला, आणि पाच महिने 'ऑलमोस्ट' ऐकलेल्या पोराचंही थोडंफार तसंच असावं.

संध्याकाळी बग्गी परत पळाली, अंधार पडेपर्यंत. निघताना मी म्हटलं, "मागचे स्क्रू पण जरा ढिले वाटतायत. नेऊ का पुण्याला?"

भाच्याने बग्गी उचलून छातीशी धरली. "नको मामा. तात्या करतील."

पुढच्या वेळी सोनारीला जाताना १२.९ चे बोल्ट आणि दोन चांगल्या ॲलन की घेऊन जाणार आहे. तात्यांसाठी. मी शेजारी बसून ताटली धरणार. माकडांपासून.