एका उपवाक्यापुरती राजकन्या

बर्ट्रांड रसेलचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास (१९४५) मी एम.ए.ला असताना प्रथम वाचला, तोही कादंबरी वाचावी तसा. मराठीच्या विद्यार्थिनीला तत्त्वज्ञानाची गोडी लागावी असे त्याचे खोचक, प्रसन्न गद्य आहे. नीत्शेवरील प्रकरण महायुद्धाच्या काळातले आहे. त्यात न्यायापेक्षा संताप अधिक. वाचनीय मात्र तेही आहे. बायरनला या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण मिळाले, याचा आम्हां साहित्यवाल्यांना आनंदच. परंतु एका कवीसाठी एवढी ऐसपैस जागा करणाऱ्या या इतिहासकाराने आणखी कोणाला कोठे बसवले, हे अलीकडे पुन्हा वाचताना पाहू लागले आणि देकार्तच्या प्रकरणापाशी अडखळले.

तेथे दोन स्त्रिया येतात. स्वीडनची राणी ख्रिस्तीना येते ती पहाटे पाचला शिकवणी मागणारी म्हणून. त्या थंडीत नाजूक प्रकृतीचा देकार्त आजारी पडतो आणि १६५० च्या फेब्रुवारीत मरतो. रसेल हा किस्सा रंगवून सांगतो. दुसरी राजकन्या एलिझाबेथ. भावनांविषयीचा ग्रंथ देकार्तने मुळात हिच्यासाठी लिहिला होता, एवढ्या एका उपवाक्यात ती येते आणि जाते.

ही एलिझाबेथ बोहेमियाचे सिंहासन गमावलेल्या राजाची मुलगी. कुटुंब हेगमध्ये निर्वासित. १६४३ च्या मे महिन्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला विचारले, की वस्तू हलते ती ढकलल्याने, म्हणजे स्पर्शाने; आणि स्पर्शाला विस्तार हवा. मग ज्याला विस्तारच नाही असा आत्मा शरीराला हलवतो कसा? देकार्तने वजनाची उपमा दिली: दगडाचा जडपणा दगडाला खाली नेतो, पण पृष्ठभागाने पृष्ठभागाला ढकलून नव्हे. तिचे समाधान झाले नाही. घराण्याच्या विवंचनांतून विचाराला वेळ मिळत नाही, असे सांगत तिने जूनमध्ये उलट लिहिले, की निराकार वस्तू देहाला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे वाटते. यावर देकार्तचे उत्तर मला फार विलक्षण वाटते. आत्मा आणि देह यांचे ऐक्य चिंतनाने कळत नाही, रोजच्या जगण्याने आणि साध्या संभाषणाने कळते, असे तो लिहितो. 'चिंतने' लिहिणाऱ्याने हे म्हणावे! त्याच्या तोंडून हे वदवून घेतले ते तिच्या चिकाटीने.

ही अडचण रसेलला ठाऊक आहेच. पण त्याच्या ग्रंथात ती येते देकार्तच्या अनुयायांची अडचण म्हणून, ग्यूलिंक्सच्या दोन घड्याळांच्या दृष्टांतासह. प्रश्न राहिला, विचारणारी गळाली. यात थोडा वाटा तिचाही आहे. देकार्तच्या मृत्यूनंतर आपली पत्रे छापू देण्यास तिने नकार दिला. ती प्रसिद्ध झाली १८७९ साली. अर्थात रसेलने लिहायला घेतले तेव्हा त्यालाही साठाहून अधिक वर्षे लोटली होती.

मला हा केवळ स्त्रियांच्या उपेक्षेचा मुद्दा वाटत नाही. एकामागून एक दर्शने मांडत जाणाऱ्या इतिहासात उत्तर देणाऱ्यालाच प्रकरण मिळते. ज्याने स्वतःचे दर्शन उभारले नाही, नुसते दुसऱ्याला अडवले, त्याला कोठे घालायचे? 'लीळाचरित्रा'त महदाइसा चक्रधरांना वारंवार प्रश्न विचारते आणि म्हाइंभट ते नोंदवतो. निरूपण कोणाच्या पृच्छेतून निघाले हे वाचकाला दिसत राहते. तेथे नोंद संवादाची आहे. रसेलपाशी प्लेटोच्या संवादांवर भरभरून लिहिण्याइतकी जागा होती. हेग आणि एगमंडमधला हा संवादही त्याच तोलाचा आहे, असे माझे मत आहे. पत्रे इंग्रजी भाषांतरात मिळतात. देकार्तचे प्रकरण वाचून झाले, की पुढे स्पिनोझाकडे न वळता आधी ती वाचावीत.