आंग्र्यांची वंशावळ आणि आपली

वंशावळ म्हणजे मृतांच्या नावांची उतरंड, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु वंश आणि दौलत ही एकाच दोरात गुंफलेली असली, म्हणजे त्या उतरंडीतील एकेका नावाने केवढी उलथापालथ होते, हे पाहण्यास आम्हां पनवेलकरांस दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यात, अलिबागेस, कान्होजी आंग्रे सरखेल यांची समाधी आहे.

कान्होजींनी मराठ्यांचे आरमार नावारूपास आणिले. इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी या तिघांसही दर्यावर वचक बसविला. १७२९ साली ते निवर्तले. पुढे चारच वर्षांनी चिरंजीव सेखोजी गेले, आणि भाऊबंदकीस तोंड फुटले. १७३५ साली पहिल्या बाजीरावांनी वाटणी करून दिली: संभाजींकडे सरखेली राहिली, मानाजींकडे कुलाबा व वजारतमाब हा किताब आला. घर दुभंगले, तसे आरमारही दुभंगले. संभाजींमागून तुळाजी आले. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेऊन त्यांचा विजयदुर्गावर पाडाव केला. जे परक्यांस साधले नव्हते, ते घरच्या कलहाने साधून दिले.

कुलाब्याची शाखा मात्र चालत राहिली. १७९९ साली ती दौलत बाबुराव आंग्र्यांच्या हाती गेली. हे दौलतराव शिंद्यांचे मामा. अर्थात आंग्र्यांची लेक शिंद्यांच्या घरी दिलेली होती, आणि त्या नात्याचे बळ बाबुरावांच्या पाठीशी होते. बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या रेषांत ही लेक कोठेच दिसत नाही. परंतु तिला वगळून कुलाब्याचा इतिहास उलगडत नाही.

शेवटही तसाच. १८३८ साली दुसरे राघोजी वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला पुत्र १८३९ साली गेला. मागे राहिलेल्या स्त्रियांनी दत्तकाची परवानगी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि १८४० साली संस्थान खालसा केले. डलहौसीसाहेब हिंदुस्थानात येण्यास तेव्हा आठ वर्षे अवकाश होता! सव्वाशे वर्षांची दौलत पुत्राच्या एका रिकाम्या घरापाशी संपली.

हे सर्व सांगण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून देण्याचे काम, घरात वडील म्हणून, आमच्याकडे आले. जुन्या कागदावर सात पिढ्यांचे पुरुष आहेत. लेक एकही नाही. पनवेलच्या आसपास जमिनीस सोन्याचा भाव आल्यापासून हा प्रश्न नुसत्या स्मरणाचा राहिला नाही. घरातील तरुण मंडळी म्हणाली, "काका, आत्यांची नावे कशाला घालता? त्या कधी मागणार नाहीत. उगाच गुंता वाढेल."

आम्ही त्यांस दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली लेकीस जन्मतःच मुलाबरोबरीचा सहदायाद मानिले आहे. कोणी आपखुषीने हक्क सोडील तर तिचे औदार्य. परंतु ती नाहीच असे लिहून देणे हे प्रतिज्ञेवरचे असत्य होय.

दुसरी गोष्ट धर्माची. महालयातील तर्पण ज्यांनी लक्षपूर्वक केले आहे, त्यांस ठाऊक असेल की तेथे पिता, पितामह, प्रपितामह एवढ्यावर थांबत नाहीत. माता, पितामही, प्रपितामही यांस उदक मिळते. पुढे दुहिता, भगिनी, पितृष्वसा, मातृष्वसा यांसही मिळते. ज्यांस आपण दरवर्षी नावगोत्र उच्चारून पाणी देतो, त्यांस कागदावर जागा नाही, हे कोणते शास्त्र?

आमची एक आत्या बालपणीच विधवा होऊन माहेरी आली. तिने ह्या घरात पन्नास वर्षे चूल सांभाळली, आम्हां सर्वांस वाढविले, आणि वाटणीच्या वेळी दोघां भावांस एका पंक्तीस बसविले. आंग्र्यांच्या घरी अशी एखादी आत्या असती, तर विजयदुर्गाचे काय झाले असते, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

वंशावळ आता पूर्ण झाली आहे. तिच्यात आत्या आहे, बहिणी आहेत, पुतण्या आणि नातीही आहेत. कागद थोडा मोठा घ्यावा लागला, इतकेच.