बीकेसीतला कप, तेरा कंपाउंडचा दाणा

शुक्रवारची संध्याकाळ. बीकेसीत मैत्रिणीच्या ऑफिसात कॉफी संपवली आणि कप ऐटीत 'रिसायकल' लिहिलेल्या निळ्या डब्यात टाकायला गेले. पुण्य पदरात! पण बॉस, या कपाचं पुढे होतं काय? टाकायचा सोडून मी तो धुऊन बॅगेत ठेवला.

उत्तर फार लांब नव्हतं. मिठी नदी ओलांडली की धारावी. शनिवारी माहीम स्टेशनला पूर्वेला उतरले आणि विचारलं, 'तेरा कंपाउंड?'

आधी भेटतो वितळत्या प्लास्टिकचा वास. गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी डोक्यावर पोतं घेऊन आलं तर आपणच भिंतीला चिकटायचं. एकेका गाळ्याचा एकेक विषय. कुठे कुरिअरचे खोके उलटे करून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवताहेत. कुठे तेलाचे डबे धुऊन, ठोकून सरळ होताहेत. हॉटेलच्या बाथरूममध्ये आपण एकदाच वापरलेल्या साबणाच्या वड्याही धारावीत येतात आणि नवा साबण होऊन बाहेर पडतात!

प्लास्टिकचा थाट मात्र वेगळाच. आधी निवडणं. रंग वेगळा, जात वेगळी. जात कळते कशी? निवडणाऱ्या चाचांनी एक तुकडा वाजवून दाखवला, मग मोडून. बास, एवढीच लॅब. पुढे क्रशरमध्ये चुरा, धुणं, पत्र्यांवर वाळवणं. शेवटी वितळवून शेवयांसारख्या तारा काढायच्या, पाण्यात थंड करायच्या आणि बारीक कापायच्या. हा झाला 'दाणा'. त्यातून पुन्हा बादली, खेळणी, तुमच्या टेबलावरचं पेन. हे सगळं बहुतेक उघड्या हातांनी. मास्क मला फक्त माझ्याच तोंडावर दिसला.

मग मी बॅगेतून कप काढला. चाचा हसले. "ये नहीं चलता, मॅडम. अंदर प्लास्टिक है." कागदाला आतून चिकटलेला पातळ थर वेगळा काढणं इथे परवडत नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटाचंही तेच. दोघांचा मुक्काम डम्पिंग ग्राउंड. वर कॉफीचे थेंब पडून भिजलेल्या प्रिंटआउटचा भाव उतरतो, तो वेगळाच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये धारावी पुनर्विकासाची बोली अदानी समूहाने जिंकली. गाळे हलले तर तुम्ही कुठे जाणार, असं विचारलं. चाचांनी हात थांबवला नाही. "हम तो कहीं भी छाँट लेंगे. आपका माल कौन उठाएगा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारी मैत्रिणीला स्टीलचा मग नेऊन दिला. आणि निळ्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवली: 'कागदी कप इथे नकोत. कागद कोरडाच टाका.'

संध्याकाळी तिचा फोन आला. "डब्यात सात कप निघाले गं."