कॅल्साइटचा कैवार

परवा न्हाणीघरात नवी फरशी बसली. सिमेंटचे डाग काढायला गवंड्याने अ‍ॅसिड ओतलं, फसफस झाली आणि तो वास नाकात शिरताच जळगावकडचं एक पत्र्याचं शेड डोळ्यांपुढे आलं. प्लास्टिकच्या पिंपात खाणीतला दगड बुडवलेला. त्यावरचा मधाच्या रंगाचा कॅल्साइट बुडबुडे सोडत विरघळत होता, कारण व्यापाऱ्याला त्याखालचा जांभळा अ‍ॅमेथिस्ट हवा होता. त्याला भाव येतो.

तेव्हा आलेला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी झिरपत राहिलं, थरावर थर चढले. कॅल्साइट बहुधा शेवटी येतो, सगळ्यांच्या अंगावर बसतो आणि म्हणून आधी मरतो.

फ्लोराइटच्या वाट्याला हे येत नाही. सिन्नरजवळच्या महोदरीचे पिवळसर, अर्धगोल फ्लोराइट माझ्याकडेही आहेत. दख्खनच्या दगडात तो दुर्मीळ, म्हणून पाहुणे आधी तिकडेच वळतात. मी मात्र त्यांच्या हातात पारदर्शक कॅल्साइट देतो. छापील कागदावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. तुकडा फिरवला की एक अक्षर जागेवर राहतं, दुसरं त्याच्याभोवती फिरतं. डेन्मार्कच्या इरॅस्मस बार्थोलिनने 1669 मध्ये आइसलँडच्या कॅल्साइटमधला हा चमत्कार लिहून ठेवला. प्रकाशाचं केवढं मोठं कोडं या मऊ दगडाने घातलं! साधा चाकू लागला तरी ओरखडा उठतो त्याच्यावर.

बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना असेच स्फटिक निघाले. 1863 मध्ये घाटातून गाडी धावू लागली, स्फटिक लंडनच्या संग्रहालयात पोचले. सुरुंगाची भोकं पाडणाऱ्यांची नावं कुठल्या कपाटात असणार?

मला पहिला कॅल्साइट दिला तो खाणीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराने. फुटलेल्या दगडातली पोकळी दाखवून म्हणाला, “हात घाला साहेब, आत गार लागतंय.” खरंच गार होतं. बोटांना स्फटिकांच्या धारा लागत होत्या. पहारीच्या टोकाने त्याने एक तुकडा अलगद सोडवला, शर्टाला पुसला. पैसे घेईना. मुलगा काय करतो, विचारलं. “शाळंत हाय,” म्हणाला. “त्याला न्हाई आणायचा हितं. धूळ छातीत बसती.” बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली, क्रशरच्या आवाजात ती मला ऐकूही आली नाही, फक्त दिसली.