नूरीचे परहेज

पोपटाला पेरू आणि हिरवी मिरची आवडते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. नाना पेठेतल्या आमच्या जुन्या घरी दादीचा मिठ्ठू होता. सकाळी त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी मिरची आणि हंगामात पेरू मिळे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही हे दादीला माहीत नव्हते. तिला वाटे, मिठ्ठू मोठा हिंमतवाला. काय खायला घालावे हा प्रश्न तिला कधी पडला नाही. प्रश्न होता तो पिंजऱ्याचा, आणि तो तेव्हा कोणी विचारत नसे. देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर तो कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गेला आहे. तरीही गल्लीबोळांतून ‘मिठ्ठू मियाँ’ ऐकू येतोच.

आमची नूरी मात्र परदेशी. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतल्या कॉकटील जातीची. करडे अंग, डोक्यावर तुरा, गालांवर नारिंगी ठिपके. या जातीची पैदास पिंजऱ्यातच होते आणि दुकानात ती उघड विकत मिळते. अम्मी गेल्यानंतर अब्बांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्य गेलेला, गप्पांशिवाय चहा न पिणारा माणूस कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये दिवसदिवस भिंतीकडे बघत बसे. म्हणून माझ्या धाकट्या भावाने नूरीला आणले. महिन्याभरात अब्बा तिच्याशी बोलू लागले. आमच्याशी नंतर.

अब्बांचे प्रेम म्हणजे सूर्यफुलाच्या बिया. पाकिटात राळा असे, बाजरी असे, करडई असे. नूरी त्यातून सूर्यफूल तेवढे वेचून घेई आणि बाकीचे चोचीने खाली उडवून देई. मग अब्बा दुसऱ्या पाकिटातून सूर्यफूल काढून तळहातावर धरत. मी ठेवलेली कोथिंबीर संध्याकाळी वाळून जाई. काकडी बघितली की ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तुरा ताठ करून उभी राही. ‘नखरेवाली है,’ अब्बा कौतुकाने म्हणत.

हिवाळ्यात तिचा श्वास वाजू लागला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजन केले : 118 ग्रॅम. हाडापेराने ती नव्वदीतली असायला हवी होती. लिव्हरवर चरबी असावी, म्हणाले. सूर्यफुलात तेल भरपूर, कॅल्शियम थोडे आणि ‘अ’ जीवनसत्त्व नसल्यासारखेच. निव्वळ बियांवर वाढलेल्या पोपटांत याची कमतरता नेहमीच आढळते. नाका-घशाचे आतले अस्तर बिघडते आणि मग कोणताही जंतू आत शिरतो. बिया कमी करा, पालेभाज्या आणि थोडी फळे सुरू करा, नाहीतर ही फार दिवस काढणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

रिक्षात अब्बा गप्प होते. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, ‘मेरा परहेज कम था क्या, जो इसका भी लगा दिए?’ त्यांना बारा वर्षांची शुगर. मला उत्तर सुचले नाही. सत्तरीतल्या माणसाच्या हातातून त्याचे देणे काढून घ्यायचे, हे मुलांच्या दप्तरातून कुरकुऱ्यांची पाकिटे काढून घेण्याइतके सोपे नसते.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत मुलांना सांगतात. त्यात दोन गोष्टी आहेत : तिने खायला दिले नाही, आणि मांजराला स्वतः शोधूनही खाऊ दिले नाही. मला ही दुसरी गोष्ट अधिक टोचते. माळावर नूरीने दहा प्रकारचे गवत चाखले असते. दार आपण लावले. मग तिच्या वतीने निवडायचेही आपणच.

वाचत गेले तसा उलगडा झाला. ज्याला आपण नखरे म्हणतो ती बहुतेक वेळा भीती असते. खाण्याची वस्तू कोणती, हे पिल्लू आईबापांकडे आणि थव्याकडे बघून शिकते. नूरी ज्यांच्यात वाढली त्यांनी बियांखेरीज काही पाहिलेच नसावे. तिच्या लेखी काकडी हे अन्न नव्हतेच, एक हिरवा अनोळखी प्राणी होता. उपाशी ठेवले की झक मारून खाईल, असा सल्ला शेजारून आला. तो धोक्याचा आहे. एवढासा जीव भुकेने लवकर कोसळतो, पण अनोळखी वस्तूला तोंड लावेलच असे नाही.

बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकले होते. पाठ टाचणाच्या वहीबाहेर ते इतके उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. लाल भोपळा खिसायचा आणि वर राळा भुरभुरायचा. राळ्यासाठी चोच घातली की भोपळा आपोआप चोचीला लागे. मेथीची ओली जुडी कपड्यांच्या चिमट्याने गजाला टांगायची. पहिले काही दिवस ती तिच्यात नुसते अंग घासायची. सकाळी भूक असते तेव्हा आधी भाजी, बिया नंतर, पण बिया द्यायच्याच. कापलेले फळ उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उचलायचे. सफरचंदाची बी, कांदा, चॉकलेट वर्ज्य. अव्होकाडो तर पक्ष्यांना विषच. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. दहा टक्के उतरले की सगळे थांबवायचे, अशी डॉक्टरांची ताकीद होती. वजनाचे काम अब्बांकडे दिले. ते कॅलेंडरच्या मागे उर्दू आकड्यांत नोंद करू लागले.

तीन महिने लागले, आणि खरे काम माझ्या टाचणाने केलेच नाही. 2024 च्या मार्चमध्ये रमजान सुरू झाला. इफ्तारच्या वेळी आम्ही सगळे दस्तरखानाभोवती ताटाकडे बघत गप्प बसलेलो असू आणि अजान होताच एकदम खायला लागत असू. नूरी अब्बांच्या खांद्यावरून हे रोज बघे. सातव्या-आठव्या रोजाला ती खाली उतरली, अब्बांच्या ताटातल्या कलिंगडाच्या फोडीपाशी गेली आणि तिने एक टोचा मारला. मग डोके झटकले. मग दुसरा मारला. अब्बांच्या हातातला खजूर हातातच राहिला. आमच्या जेवणाला थवा म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवसापासून अब्बांनी फ्रूट चाटमधून मिठाआधीच तिचा वाटा काढून ठेवायला सुरुवात केली. पपई, पेरू, पुढे पुरंदरचे अंजीर, नखाएवढे तुकडे. कच्ची मेथी तर ते तिच्यासमोर स्वतः चावून दाखवत. आयुष्यभर मेथीला नावे ठेवणारा माणूस! अम्मी असती तर हसून हसून पडली असती.

वजन 97 वर आले आहे. श्वास वाजत नाही. सूर्यफूल आता दिवसाला चार बिया, त्याही अब्बांच्याच हातून, मोजून. पाचवी देताना मी एकदाच पकडले. गाजर मात्र ती अजून खात नाही. खिसून नाही, उकडून नाही, राळा भुरभुरूनही नाही. भोपळ्यावर आणि मेथीवर भागते आहे, म्हणून मी तो विषय सोडून दिला आहे.